नारळाखालचं पाकीट

कोल्हापुरात पेटीवाल्याचा मान ठरलेला आहे. कार्यक्रम संपला की आधी गायकाला शाल, मग तबलजीला, मग मला. शालीवर नारळ आणि नारळाखाली पाकीट. पाकीट चारचौघांत दिसू नये म्हणून वर नारळ. देवळातला कार्यक्रम असला तर नारळ जरा थोराडच निवडतात. मी उभं आयुष्य सहकारी बँकेत कारकुनी केली. तिथं पगारपत्रकावर सही करून उघड पैसे घेतले, त्याची कुणाला लाज वाटली नाही. गाण्याचे पैसे तेवढे झाकून येतात.

मागं एका नवरात्रात आमच्या पेठेतल्या एका तरुण कार्यकर्त्यानं हे झाकण उचललं. "काका, राग मानू नका, पण अंबाबाईपुढं वाजवायचं आणि वर पैसे घ्यायचे, मग ती सेवा कसली हो?" पोरगं उर्मट नव्हतं. रात्रभर मांडव घालून, सकाळी अनवाणी पायांनी पाणी वाटणारं पोरगं होतं ते, आणि त्याचे त्याला कुणी दमडी देत नव्हतं. आमच्या तबलजीनं पाकीट खिशात सारत "दळण आणायचंय भावा" म्हणून विषय उडवला. मी हसलो. पण प्रश्न काही हसून जाणारा नव्हता.

एकट्या माझ्या पाकिटाचा असता तर मी तो तिथंच सोडला असता. माझ्या गावात तो शंभरावर वर्षं मुक्कामाला आहे. अल्लादिया खाँसाहेब १८९५च्या सुमारास कोल्हापुरात आले, शाहू महाराजांचे दरबारी गवई झाले, आणि १९२२ साली महाराज गेल्यावर मुंबईला गेले. मधल्या पंचवीसेक वर्षांत इथं जी गायकी पिकली तिला आज आपण जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो. खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव भूर्जी खाँ अंबाबाईच्या देवळात गाण्याच्या सेवेला होते. मल्लिकार्जुन मन्सूर आणि धोंडूताई कुलकर्णी ज्यांच्यापुढं शिकायला बसले, ते हे भूर्जी खाँ. सेवा नेमणुकीची, म्हणजे पगारी. गाणारा मुसलमान. आणि ऐकणारे कोण असणार? सणासुदीची गर्दी सोडली तर प्रदक्षिणा घालणाऱ्या म्हाताऱ्या, ओवरीत टेकलेले परगावचे यात्रेकरू, ओटीचं ताट सावरणाऱ्या सासुरवाशिणी. त्यातल्या कितीजणांना अनवट रागातली खोच कळली असेल?

पैसे घेऊन, परक्या धर्माच्या देवतेपुढं, न कळणाऱ्यांच्या कानांवर. सेवा म्हणू नये याची जेवढी कारणं त्या पोराला सुचली असती, तेवढी सगळी एका माणसाच्या गाण्यात एकवटली होती. तरी कोल्हापूरनं त्याला सेवाच म्हटलं. कोल्हापूर भाबडं होतं असं मला वाटत नाही. तालमीत कुस्ती बघायला बसलेला आमचा माणूस नुरा कुस्ती पहिल्या पकडीत ओळखतो. तेव्हा त्या म्हणण्यात काय होतं, ते एकेक कारण घेऊन तपासायला हवं.

आधी पैसा.

खाँसाहेब पैशाच्या बाबतीत संत नव्हते आणि तसा आवही त्यांनी आणला नाही. केसरबाई केरकरांना शिकवायचं ठरलं तेव्हा गंडाबंधनाची भरघोस रक्कम, ठरलेला मासिक पगार, वर्षांची मुदत अशा करकरीत अटी घालून मगच त्यांनी १९२१ साली तालीम सुरू केली. आता त्याच माणसाची दुसरी हकिगत पाहा. औषधोपचारासाठी ते सांगलीत राहिले होते. रस्त्यानं जाताना एका घरातून गाणं कानावर पडलं. आत एक कोवळी मुलगी एकटीच मेहनत करत होती. नाटक कंपनीतून बाहेर पडलेली, पुढं कुठं जायचं याचा पत्ता नसलेली. खाँसाहेब आत गेले, ऐकत बसले आणि आपण होऊन शिकवायला लागले. आपल्यापुढं बसलेला हा वृद्ध गृहस्थ कोण, हेसुद्धा तिला सुरुवातीला ठाऊक नव्हतं. ती मुलगी म्हणजे मोगूबाई कुर्डीकर. एकीकडं करार, दुसरीकडं रस्त्यावरून ऐकून उंबरा ओलांडणं. दोघींना मिळालेली गायकी मात्र एकाच झऱ्याची. पगाराची तालीम पातळ आणि बिनपगारी तालीम दाट, असं कुणा जाणत्यानं आजवर म्हटलेलं मी ऐकलं नाही.

याच खाँसाहेबांच्या आयुष्यात पैसेवाल्यानं गाण्याचं काय करावं याचा अंतही दिसला होता. तरुणपणी आमलेटा नावाच्या छोट्या संस्थानात तिथल्या अधिपतीच्या हौसेपायी त्यांना दिवसामागून दिवस गावं लागलं. गळा ओढला गेला आणि आवाज बसला. पुष्कळ दिवस गाणंच बंद झालं. पुढं आवाज परतला, पण पहिला राहिला नाही. जो उरला त्याला पेलेल अशी गायकी मग त्यांनी नव्यानं बांधली. दमसास, बोलांगाची गुंफण, लयीला न सोडता वळणावळणानं समेवर उतरणारी ती पेचदार तान, हे सगळं त्या मोडलेल्या गळ्याच्या हिशेबानं उभं राहिलं असं जाणकार सांगतात. मला यातून एवढंच दिसतं की यजमान पैसे मोजतो ते गायकाच्या वेळेचे. तास विकत घेता येतात, रात्री विकत घेता येतात, हट्टच धरला तर गळाही फोडता येतो. सूर लागणं तेवढं कुणाच्याच पाकिटात मावत नाही. ते संस्थानिकाला मिळालं नाही आणि खुद्द खाँसाहेबांनाही हुकमी मिळेना झालं, तेव्हा त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

इथं तुकोबा आडवे येतात, आणि त्यांना वळसा घालून जाणं मराठी माणसाला शोभणार नाही. कीर्तनकारानं मोबदला घेऊ नये, जिथं कीर्तन केलं तिथलं अन्नसुद्धा घेऊ नये, इतकं कडक त्यांनी सांगून ठेवलंय. त्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाच्या पाठीशी ही एवढी मोठी पुण्याई आहे. मी त्यावर पुष्कळ विचार केला. माझी समजूत अशी, की कीर्तनकार नाम वाटतो, आणि नाम त्याचं नसतं. जे आपलं नाही त्याची किंमत घेतली की तो व्यापार झाला, तुकोबांचा रोख त्यावर आहे. गवयाच्या पगारानं रागाची किंमत होत नाही. त्याच्या घरची चूल पेटते आणि तो उद्या पहाटे पुन्हा तंबोरा जुळवायला मोकळा राहतो, इतकंच. तरी तुकोबांचा इशारा गवयालाही लागू आहेच. पैसा आला की यजमानाला आवडेल ते गाण्याचा मोह येतो, आणि पाकिटाचा खरा धोका तो आहे.

हा पेच आपल्याच मातीतला आहे असंही नाही. जर्मनीत लाइपझिगच्या चर्चमध्ये १७२३पासून मरेपर्यंत योहान सेबास्टियन बाख पगारी नोकर होता. १७३०च्या एका पत्रात त्यानं मित्राकडं गाऱ्हाणं केलंय की गावची हवा चांगली पडली, माणसं कमी मेली, त्यामुळं अंत्यविधीच्या गाण्याची आपली मिळकत बुडाली. ही हिशेबी कुरकुर करणारा माणूसच आपल्या संगीताच्या हस्तलिखितांखाली 'केवळ देवाच्या गौरवासाठी' या अर्थाची तीन अक्षरं लिहायचा. ढोंगी होता का? मला तर तो ओळखीचा वाटतो. दळणाचा विचार डोक्यात ठेवून देवीपुढं डोळे मिटून ठेका धरणारा तबलजी माझ्या शेजारी रोज बसतो.

दुसरं कारण परक्या देवतेचं.

या गोष्टीकडं बघताना त्या काळचं कोल्हापूर डोळ्यांपुढं ठेवावं लागतं. १८९९ साली पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी खुद्द शाहू महाराजांसाठी पुरोहित वेदोक्त मंत्र म्हणत नव्हता, पुराणोक्त म्हणत होता. राजा असला तरी त्याच्या जन्माला वेदमंत्राचा अधिकार नाही, हे त्यामागचं म्हणणं. त्यातून वेदोक्ताचं एवढं मोठं प्रकरण पेटलं. ज्या गावात राजाला मंत्र नाकारला गेला, त्याच गावात देवीच्या देवळात एका मुसलमानाचा षड्ज घुमला आणि देवी काही बाटली नाही. मंत्राला अधिकार विचारला गेला, सुराला कुणी जात विचारली नाही. सुराला तयारी विचारतात, आणि ती जन्मानं मिळत नाही.

आता भूर्जी खाँच्या मनात गाताना काय होतं? अंबाबाई होती, अल्ला होता, की फक्त पुढचं आवर्तन होतं? हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि कुणी ते विचारावं असंही मला वाटत नाही. गाण्याबद्दल इस्लाममध्ये फार जुना वाद आहे. निषिद्ध मानणारे आहेत. इमाम गझालींसारखा मोठा धर्मज्ञ म्हणतो की गाणं माणसाच्या अंतःकरणात नवं काही घालत नाही, जे मुळात आहे ते ढवळून वर आणतं. मला हे पटतं. मग ज्याच्या अंतःकरणात जे असेल ते त्याचं. आमचा तबलजीही पाच वेळा नमाज पढणारा. देवळात वाजवताना काय वाटतं असं मी त्याला एकदा विचारलं होतं. म्हणाला, "विलंबित एकतालात भावा, पुढची मात्रा सोडून कायपण वाटून घ्यायला सवड कुठं असते?" यापेक्षा प्रामाणिक उत्तर मला कुठल्या ग्रंथात सापडलेलं नाही.

राहिलं तिसरं कारण, न कळणाऱ्या श्रोत्यांचं. सगळ्या प्रश्नाची गाठ मला इथं सुटते असं वाटतं, म्हणून जरा जवळून सांगतो.

नवरात्रातली सकाळ. दर्शनाची रांग वळणं घेत चाललेली. घंटा, 'उदं गं अंबे उदं'चा गजर, हरवलेल्या मुलांच्या नावाचा लाऊडस्पीकर. बाजूला छोट्या व्यासपीठावर आम्ही. गायिका बाहेरगावच्या, मध्यम वयाच्या. त्यांनी देवगिरी बिलावल काढला. हा राग म्हणजे निसरडी वाट. कल्याणाचं अंग दाखवायचं पण कल्याणाचा तीव्र मध्यम घ्यायचा नाही. कल्याणाच्या वळणावर आलात की गळा आपोआप त्या मध्यमाकडं ओढला जातो, कारण तो गोड लागतो आणि टाळी घेतो. पण तो लागला की देवगिरी संपला आणि यमनी बिलावल सुरू झाला. रांगेतल्या कुणालाही यातलं काही कळणार नव्हतं. व्यासपीठासमोर सतरंजीवर बसलेल्या पाचपंचवीस जणांतल्या दोघातिघांना कळलं असतं, आणि त्यातला एक डुलक्या काढत होता.

मध्य लयीत एका आलापाच्या शेवटी बाईंचा सूर त्या मध्यमाला किंचित चाटून गेला. लागला म्हणण्याइतकाही लागला नाही. माझी बोटं पेटीवर त्यांच्या मागोमाग जात होती म्हणून मला जाणवलं. बाई थांबल्या नाहीत, चेहऱ्यावरही काही आणलं नाही. समेवर आल्या, आणि पुढच्या आवर्तनात अगदी तीच फिरत पुन्हा घेतली. तेवढंच वळण, तोच वेग. फक्त या खेपेला शुद्ध मध्यम स्वच्छ ठेवून उतरल्या. मग दुसऱ्या जागेकडं वळल्या. त्या वेळी शेजारून एक आजी नातवाला ओढत जात होत्या आणि नातू फुग्यासाठी भोकाड पसरून रडत होता. संपल्यावर चहा घेताना मी विषय काढला, तर बाई म्हणाल्या, "अहो, ती जागा नीट गेली नव्हती, म्हणून परत घेतली. त्यात काय?" आणि त्यांनी परतीच्या गाडीची चौकशी केली.

त्यात काय, हे मला विचाराल तर सांगतो. कुणी ओरडलं नव्हतं, पाकीट कमी होणार नव्हतं, पुढच्या वर्षीचं बोलावणं रद्द होणार नव्हतं. ऐकणाऱ्याचं म्हणाल तर त्याचं काही देणं शिल्लक नव्हतं. तरी बाईंनी ते चुकतं केलं. ते देणं कुणाचं होतं?

लहानपणी कीर्तनात ऐकलेली नारदाची गोष्ट इथं कामी येते. नारदाला आपल्या गाण्याचा गर्व झाला. फिरता फिरता तो एका ठिकाणी पोचला तर तिथं लुळीपांगळी, हातपाय तुटलेली स्त्री-पुरुष मंडळी विव्हळत पडलेली. तुमची ही दशा कुणी केली, असं विचारल्यावर ती म्हणाली, आम्ही राग-रागिण्या. नारद नावाचा कुणी एक जण आम्हाला वेडंवाकडं गातो, त्यानं आमचे अवयव मोडले. कीर्तनकार बुवा गोष्टीचं तात्पर्य गर्वहरण म्हणून सांगायचे. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. चुकीच्या सुरानं कुणाला इजा होते? श्रोत्याला नाही, तो तर गोष्टीत कुठं नाहीच. देवालाही नाही. इजा रागाला होते. राग आपण केलेला नसतो, आपल्या मालकीचा नसतो, आपल्याआधी होता आणि आपल्यामागं राहणार असतो. गाणाऱ्याच्या हाती तो घटकाभर सोपवलेला असतो, आणि घटका संपल्यावर तो धडधाकट परत करायचा असतो.

यावर कुणी म्हणेल, हे म्हणजे कलेलाच देव केलंत, मग खऱ्या देवाचं काय? याचं उत्तर द्यायला माझ्याच जातकुळीचा एक माणूस मदतीला येतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेला शारंगदेव. 'संगीतरत्नाकर' लिहिणारा. हा माणूस पोटापाण्यासाठी राजाच्या जमाखर्चाचा अधिकारी होता, म्हणजे आमच्या खात्यातलाच! त्यानं लिहून ठेवलंय की नादाची उपासना केली की ब्रह्मा, विष्णू, महेश यांची उपासना त्यात आलीच, कारण ते नादरूपच आहेत. नादाला त्यानं देवाच्या दारापर्यंत नेणारी पायरी म्हटलं नाही, नादातच देव बसवला. हिशेबनीस असल्यामुळं त्यानं एकच रक्कम दोन खात्यांवर टाकली नाही, असं मी गमतीनं म्हणतो. पण हे मान्य केलं की भूर्जी खाँचा पेच उरत नाही. त्यांनी राग धडधाकट ठेवला असेल तर अंबाबाईला पोचायचं ते पोचलं, आणि ज्याला ते मानत होते त्यालाही.

मग देऊळच कशाला? नाट्यगृहातल्या गाण्याला हे लागू का नाही? कोल्हापूरला हा प्रश्न पडलाच नसावा. शाहू महाराज १९०२ साली युरोपात जाऊन आले. तिथली प्रेक्षागृहं पाहून आलेल्या या राजानं पुढं कुस्तीला खासबाग मैदान दिलं आणि त्याला लागूनच नाटकाला पॅलेस थिएटर. याच गावात १८९० साली जन्मलेल्या केशवराव भोसल्यांचं नाव आता त्या वास्तूला आहे. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेलं हे पोर नाटक कंपनीत वाढलं, 'शारदा'तल्या भूमिकेनं गाजलं, आणि वयाच्या अठराव्या वर्षी, १९०८च्या पहिल्या दिवशी हुबळीत त्यानं स्वतःची 'ललितकलादर्श' काढली. युरोपातल्या ऑपेराच्या गायकासारखंच यांचंही जिणं. मुक्काम हलवायचा, रात्र रात्र गायचं, नाटक पडलं की कर्ज काढायचं, वन्समोअर आला की तेच पद पुन्हा तितक्याच जोरानं द्यायचं. ८ जुलै १९२१ला मुंबईत केशवराव आणि बालगंधर्व 'संयुक्त मानापमाना'त एकत्र उभे राहिले. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला द्यायचं होतं. त्या रात्री गाणं ना देवीसाठी, ना पोटासाठी, देशासाठी झालं. पुढं तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, विषमज्वरानं केशवराव गेले. वय एकतीस.

'मानापमाना'चंच नाव निघालं तर एक अवघड गोष्ट टाळता येत नाही. १२ मार्च १९११, नाटकाचा पहिला प्रयोग, आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग झाला. त्यांनी भामिनी केली. आपण ही गोष्ट रंगभूमीवरच्या निष्ठेचा दाखला म्हणून सांगतो आणि माना डोलावतो. मला ती इतकी सरळ वाटत नाही. गाण्याचं देणं मी वर एवढं थोर ठरवलं, पण लेकराचं देणं त्याहून लहान म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या दिवशी पडदा उघडला नसता तर कंपनीतल्या कितीतरी चुली अडचणीत आल्या असत्या, हे खरं. त्या चुलींचा विचार करून एखादा बाप रंग लावतो हे मला समजतं. त्याला भक्ती म्हणून मखरात बसवणं मला समजत नाही. सुराची निष्ठा माणसाच्या बाकीच्या सगळ्या निष्ठा गिळून बसली तर ती निष्ठा उरते का, हा प्रश्न मी मोकळाच ठेवतो.

सुराला मर्यादा आहेत, हे आणखी एका बाजूनं सांगायला हवं. सूर सच्चा असला की माणूस सच्चा असतो, हे गोड बोलणं आहे. तंबोऱ्यापुढं एक श्रुती इकडची तिकडं न होऊ देणारे आणि साथीदाराचे पैसे देताना सहा महिने फोन न उचलणारे गवई मी पाहिलेत. शिष्याला हवा तो राग मरेपर्यंत न देणारेही पाहिलेत. त्यांचा राग मात्र खरा होता, याची साक्ष माझी बोटं देतील. गाणं माणसाला संत करत नाही. तंबोरा छेडल्यापासून खाली ठेवीपर्यंत त्याला खोटं बोलू देत नाही, एवढंच ते करतं. बाकीच्या बावीस तासांची जबाबदारी ज्याची त्याची.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. गाव तिथं लोटलं. ज्यांनी कधी त्या रंगमंचावर पाऊल ठेवलं नव्हतं अशी माणसं देऊळ जळाल्यासारखी रडत होती. तिथं तर सगळा कारभार तिकिटाचा होता, पैसे खिडकीवर उघड मोजले जायचे, नारळ फक्त नांदीच्या आधी फुटायचा. तरी रडणाऱ्याला देऊळ आणि थिएटर यांत फरक करावासा वाटला नाही. त्या दिवशी मला वाटलं की त्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर गावाला आधीपासून ठाऊक आहे, ते बोलून दाखवत नाही एवढंच.

देव ऐकतो का, हा प्रश्न अजून बाकी आहे. अल्लादिया खाँसाहेब १६ मार्च १९४६ला गेले. त्यांच्या आवाजाची तबकडी मागं राहिली नाही. ते कसे गात हे आता ऐकलेल्यांच्या ऐकलेल्यांकडून ऐकायचं. त्यांच्या शिष्येची, केसरबाईंची, भैरवीतली साडेतीन मिनिटं मात्र अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर आहेत. दोन्ही यानं १९७७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सुटली, आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. ते गाणं आज सूर्याचं राज्य ओलांडून पुढं चाललंय. ते कुणाच्या कानी पडेल का, त्या कुणाला कान असतील का, याची खात्री पाठवणाऱ्यांनाही नव्हती. तरी त्यांनी निवडताना हयगय केली नाही.

मला यापलीकडची श्रद्धा सांगता येत नाही. पलीकडं कुणी ऐकणारा आहे का याचा पुरावा मागत न बसता, तो आहे आणि त्याला सगळं कळतं, असं धरून गाणं. अंबाबाई, अल्ला, नादब्रह्म ही त्या ऐकणाऱ्याची नावं असतील, नसतीलही. पण असा कुणी धरला नाही तर देवगिरीतली ती फिरत परत घेण्याचं कारणच उरत नाही. श्रोत्यांसाठी ती अनावश्यक होती, पैशांसाठी तर फुकटची मेहनत होती.

त्या कार्यकर्त्याला परवा हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग काका, पाकीट नारळाखाली कशाला, ताटात उघडंच ठेवू की." म्हटलं, ठेव. आणि गाणाऱ्यानं सेवा केली का हे तुला बघायचं असेल तर तो पैसे किती घेतो हे विचारू नकोस. कुणाला कळणार नाही अशी जागा आली की तो काय करतो, तेवढं बघायला शीक. त्यासाठी गाणं थोडं कळावं लागेल. तेवढी मेहनत ऐकणाऱ्याच्या वाट्याची आहे, आणि तिचे पैसे कुणी देत नाही.